पानं सुरकुतली म्हणून पाणी वाढवू नका

फॅलेनॉप्सिस या ऑर्किडची पानं लुळी पडली की सगळे आधी पाणी वाढवतात आणि तिथेच घात होतो. बहुतेकदा मुळं कुजलेली असतात, त्यामुळे ओल असूनही पाणी वर चढत नाही.

रोप कुंडीतून काढा, मुळांभोवतीचं जुनं माध्यम (कुंडीत भरलेली साल वगैरे) झटका. प्रत्येक मूळ दोन बोटांत दाबून बघा. टणक असेल तर जिवंत, रंग पांढरा असो वा हिरवा. पिचकलं, साल सुटून आत नुसता दोरा राहिला, तर मेलेलं. ते ज्योतीवर तापवून गार केलेल्या कात्रीने कापा. दालचिनीची पूड फक्त कापलेल्या टोकाला. चांगल्या मुळांना लागली तर तीही सुकतात. फुलांचा दांडा असेल तर मन घट्ट करून तोही छाटा.

उरलेली मुळं जेमतेम मावतील एवढीच भोकांची कुंडी घ्या. त्यात पाइनची साल, थोडा कोळसा. माती अजिबात नको! नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरणार असाल तर आधी दोन-तीनदा भिजवून पाणी बदला, त्यात क्षार असतात.

पहिले ३ दिवस कोरडं ठेवा. पुढे मुळं रुपेरी दिसली की सकाळी पाणी. हिरवी असतील तर थांबा. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर लगेच टिपून घ्या, पावसाळ्यात तर हमखास. नव्या मुळाचं हिरवं टोक दिसेपर्यंत खत नको.