व्हीएमसीचा (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, म्हणजे धातू कापणारं संगणक-नियंत्रित मशीन) कंट्रोलर दुपारी टूल चेंजच्या (मशीन आपोआप टूल बदलतं त्या) वेळी आपोआप रीस्टार्ट होतो. मदरबोर्ड गेला का?

बहुतेक नाही. सकाळी मशीन नीट चालतं आणि नेमकं टूल चेंजलाच स्क्रीन काळी पडते, म्हणजे माझा पहिला संशय २४ व्होल्टच्या एसएमपीएसवर (कंट्रोलरला डीसी पुरवणारा पॉवर सप्लाय), कारण टूल चेंजला त्याच्यावर लोड वाढतो.

मशीन नुसतं उभं असताना मीटर २४ दाखवेल आणि तुम्ही फसाल. मीटर मिन-मॅक्सवर (सर्वांत कमी-जास्त रीडिंग धरून ठेवणारा मोड) ठेवून कंट्रोलरच्याच टर्मिनलवर लावा आणि टूल चेंज करून बघा. अनेक कंट्रोलरना २४ व्होल्ट अधिक-उणे १० टक्के लागतात, क्षणभरही २१.६च्या खाली गेलं तर चोर सापडला. तेवढीच घट एसएमपीएसच्या आउटपुटवरही दिसते का ते पाहा. तिथे व्होल्टेज ठीक असेल तर मधला एखादा स्क्रू सैल आहे. तिथेही पडत असेल तर एसएमपीएस थकलाय (आतले कपॅसिटर उष्णतेने वाळतात) किंवा बाहेर कुठे जास्त करंट ओढला जातोय. सोलेनॉइड (व्हॉल्व्हची कॉइल) आणि प्रॉक्सिमिटी सेन्सरच्या लाइनी एकेक सोडवून तपासा. चिप्सनी सोललेली, कूलंटमध्ये भिजलेली वायर मी कितीदा तरी पाहिली आहे.

दुपारीच होतं म्हणून पॅनलचा पंखा आणि फिल्टरही बघून घ्या. पॅनलचं दार उघडं ठेवून टेबल फॅन लावणं हा उपाय नव्हे, त्याने तेलकट धूळ थेट बोर्डावर बसते.

काहीही सोडवण्याआधी पॅरामीटरचा (कंट्रोलरमधल्या मशीनच्या सेटिंगचा) बॅकअप घ्या. मेन स्विच बंद केल्यावरही ड्राइव्हच्या (मोटर चालवणाऱ्या युनिटच्या) डीसी बसवर चार्ज राहतो, ड्राइव्हवरचा चार्ज दाखवणारा दिवा पूर्ण विझेपर्यंत हात लावू नका.