जुनं आउटबोर्ड विकताना, बदलताना

प्रश्न (हर्णे): दोन-स्ट्रोक, तीन सिलिंडरचं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) विकायला काढलंय. गिऱ्हाईक पहिल्यांदा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, विचारतं. आकडा किती यायला हवा?

एका आकड्यावर जाऊ नका. गेज बदललं की आकडा बदलतो, बॅटरी उतरलेली असली की आणखी खाली येतो. सिलिंडर एकमेकांशी किती जुळतात ते बघा. 105, 103, 104 पीएसआय (दाबाचं माप) दाखवणारं इंजिन 130, 128, 100 दाखवणाऱ्यापेक्षा केव्हाही बरं. 10 टक्क्यांपर्यंत फरक चालतो. 15 च्या वर गेला, तर इंजिन उघडल्याशिवाय किंमत ठरवू नये.

तपासणी गरम इंजिनवर करा. पंखा (प्रोपेलर) काढून ठेवा, पाणी ओढायची जाळी पूर्ण बुडेल एवढं गोडं पाणी पिंपात भरा आणि 10 मिनिटं चालवा. मग सगळे प्लग काढा, एकच नाही. बाकीच्यांत दाब राहिला तर इंजिन जड फिरतं आणि वाचन खोटं येतं. इंजिन झटकन बंद करणाऱ्या लाल दोरीची क्लिप काढा, प्लगच्या वायरी ब्लॉकला अर्थ करा. मोकळ्या सोडलेल्या वायरींमुळे सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतो आणि तो नवा घेताना डोळे पांढरे होतात. थ्रॉटल पूर्ण उघडा, गेज लावा, काटा थांबेपर्यंत फिरवा. सुरू करायच्या दोरीने 5-6 झटके पुरतात, पण प्रत्येक सिलिंडरला तेवढेच द्या.

एखादा कमी आला तर त्यात चमचाभर टू-टी ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगा किंवा लायनर झिजलंय, नाहीतर रिंगा कार्बनने चिकटल्यात. चिकटलेल्या रिंगा कार्बन साफ केल्यावर पुष्कळदा सुटतात, म्हणून लगेच पिस्टन मागवू नका. आकडा हललाच नाही तर हेड गॅस्केट बघा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर मधली गॅस्केट गेली असं समजायला हरकत नाही.

काढलेले प्लग फेकून देऊ नका, सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. एकच प्लग धुतल्यासारखा लखलखीत असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय. जाणकार गिऱ्हाईक गेजच्या आधी हेच मागतं.

(छोट्या चार-स्ट्रोक इंजिनांत दोरी हलकी ओढता यावी म्हणून डीकॉम्प्रेशनची, म्हणजे थोडा दाब सोडून द्यायची, सोय असते. तिथे आकडा मुळातच कमी दिसतो, घाबरू नका.)

प्रश्न (दाभोळ): खालच्या गिअरकेसमधून (गिअरच्या पेटीतून) दुधासारखं तेल आलं. नवं तेल भरून विकलं तर चालेल?

तेल बदलल्याने पाणी यायचं थांबत नाही, ते फक्त तेवढ्यापुरतं लपतं. घेणारा शहाणा असेल तर तासभर चालवून तेल पुन्हा बघेल. आधी पंखा काढा. शाफ्टवर तंगूस (जाळ्याचा नायलॉनचा धागा) गुंडाळलेला सापडायची शक्यता मोठी. तो सीलमध्ये शिरून तिची कड कापतो. तंगूस काढून दोन्ही सील बदला, स्क्रूचे वॉशरही नवे घाला. तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू बसवा, नंतर खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते. खालच्या स्क्रूच्या चुंबकावर राखाडी लेप दिसला तर ठीक, बोटाला टोचणारे तुकडे दिसले तर गिअर गेलेत. मग तसं सांगूनच विका.

प्रश्न (मालवण): शेजाऱ्याशी अदलाबदल ठरतेय. माझं दोन-स्ट्रोक त्याला, त्याचं चार-स्ट्रोक मला. काय तपासू?

शाफ्टची लांबी. आखूड 15 इंची, लांब 20 इंची. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत यायला हवी. फार वर राहिली तर पंखा हवा ओढतो, फार खाली गेली तर होडी जड चालते. चार-स्ट्रोक बहुधा जड असतं, तेव्हा होडीची मागची फळी कुजलीय का ते क्लॅम्पच्या जागी ठोकून बघा. पेट्रोलची टाकी धुऊन घ्या. तुमच्या टाकीत 50:1 चं मिश्रण असणार, म्हणजे 10 लिटरला 200 मिली ऑइल; ते चार-स्ट्रोकमध्ये गेलं की धूर होतो आणि प्लग काळे पडतात. उलट बाजू जास्त घातक आहे. शेजाऱ्याने सवयीने तुमच्या इंजिनात ऑइल न मिसळलेलं कोरं पेट्रोल घातलं, तर पिस्टन जाम. हे त्याला तोंडी सांगू नका, इंजिनच्या झाकणावर रंगाने लिहून द्या.

होडीच्या नोंदणीच्या कागदावर इंजिनचा नंबर असेल तर तोही बदलून घ्या.

प्रश्न (देवगड): पावसाळी मासेमारी बंदीत इंजिन दोन महिने पडून होतं. बाजूच्या भोकातून इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार बारीक येते.

आधी भोकात बारीक तार फिरवा, मिठाचा थरच अडकला असेल. धार सुधारली नाही तर इम्पेलर (पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चाक) बदला. आणि धार बघायला इंजिन कोरडं सुरू करू नका. काही सेकंदांत रबराच्या पात्या करपतात.

प्रश्न (जयगड): खाडीत बुडालेलं इंजिन स्वस्तात मिळतंय.

किती दिवस पाण्यात होतं यापेक्षा बाहेर काढल्यावर किती तासांत धुऊन चालवलं ते विचारा. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या बेअरिंगला हवा लागली की गंज लगेच धरतो. फ्लायव्हीलखाली लाल डाग, वायरच्या जोडांत पांढरी भुकटी दिसली, तर सुट्या भागांच्याच भावात घ्या. वरून ताजा रंग मारलेला असेल, तर त्याहून कमीत.