आजीनं पातेलं बाजूला का ठेवलं?

प्रिय पिलू,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. तू लिहिलंयस, "आई, मी पायचं (तो इंग्रजी 'pie', मैद्याच्या कवचात गोड भरून भाजतात तो) पुडिंग ढवळताना चमचा चाटला आणि तोच परत पातेल्यात घातला, तर आजीनं अख्खं पातेलं बाजूला ठेवलं. म्हणाली, हे आता आपण दोघी खाऊ, रविवारसाठी दुसरं करू. आजीला माझी घाण वाटली का?"

फोनवर हे सांगता आलं नसतं, कारण फोन घेतला की तुझ्या शेजारी आजी असते, मागे मामाचा टीव्ही असतो. म्हणून पत्र लिहितेय. सावकाश वाच. एखादा शब्द अडला तर मामीला विचार.

आधी आजीचं वाक्यच पुन्हा वाच. "हे आपण दोघी खाऊ." घाण वाटली असती तर तिनं ते पातेलं मोरीत ओतलं असतं. ती तर तुझ्याबरोबर चमचा घेऊन बसली. तू दोन वर्षांची होतीस तेव्हा अर्धी चावून टाकलेली पोळी, चोखून पांढरी केलेली आंब्याची कोय, सगळं ती निवांत तोंडात टाकायची. आपल्याकडे उष्टं खातात ते फक्त आपल्या माणसाचं. परक्याचं कुणी खात नाही.

घाण वेगळी, खरकटं वेगळं आणि उष्टं वेगळं. जेवून झाल्यावर ताटात राहतं, भांड्याला चिकटलेलं असतं ते खरकटं. उष्टं म्हणजे कुणाच्या तरी तोंडाला लागलेलं. त्या अन्नाला धनी मिळाला, ते त्याचं झालं. रविवारी आजोबांची पंचाहत्तरी आहे, तीसेक माणसं जेवायला येणार आहेत. त्या दिवशीच्या गोडाचा पहिला मान देवघरातल्या देवांचा, दुसरा आजोबांचा, मग लहान मुलांचा, मग पाहुण्यांचा, आणि सगळ्यात शेवटी वाढणारीचा. तू चमचा चाटलास तेव्हा ते पुडिंग तुझं झालं. तुझं झालेलं आजीनं तुलाच दिलं, आणि पाहुण्यांचं वेगळं करायचं ठरवलं. तुला तिनं बाजूला सारलं नाही.

आता तू म्हणशील, इंडियानात, आपल्या अमेरिकेतल्या घरी, तर तू स्वतः चाखतेस. चाखते, रोज. पण चमचा परत पातेल्यात घालत नाही, हे तू बहुतेक पाहिलं नसशील. थेंबभर तळहातावर घेते आणि हात धुते. ही सवय मला आजीनं लावली. आणि गणपतीत, दिवाळीत मी तेवढंही चाखत नाही, तेव्हा मात्र तू मला "मीठ बघितलंस का?" विचारत असतेस!

मी तुझ्याहून लहान, नऊ वर्षांची असताना बडोद्यातल्या याच दांडिया बाजारच्या घरात गुढीपाडव्याचं श्रीखंड होतं. चक्का पुरणयंत्रातून काढायचं काम माझ्याकडे. मी यंत्राच्या कडेचं बोटानं पुसलं आणि चाटलं. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, ओरडली नाही. तिनं एक वाटी काढली, तीत चार चमचे चक्का घातला, साखर घातली, वर जायफळ किसलं आणि म्हणाली, "हे तुझं. आता हात धू आणि उरलेल्याला हात लावू नकोस." मला ती वाटी गोड लागली नाही. नैवेद्य होईपर्यंत मी जिन्यात बसून राहिले. म्हणून तुझा मेसेज वाचून मला तुझा चेहराच दिसला. पण आज मला त्या प्रसंगातलं ओरडणं आठवत नाही, कारण ओरडणं नव्हतंच. आठवते ती वेगळी काढलेली वाटी.

तुला इंडियानातलीच एक गोष्ट सांगते. आम्ही नवे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्या बाई दारात आल्या, हातात पाय. तोच, आपण रविवारी करणार आहोत तो. गुळगुळीत, वर जायफळाची तपकिरी भुकटी, एक चीरही नाही. मी म्हटलं, "तुम्ही पण या, बसा." त्या म्हणाल्या, सुरी तुमची, कापायचा तुम्ही. शाळेचं पॉटलक आठव, प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचं ते जेवण, टेबलावर दहा पाय असतात. त्यातला एक तुकडा घरीच खाऊन उरलेला पाय कुणी आणलेला तू पाहिलायस? कुणी आणत नाही. तिथे त्याला उष्टं म्हणत नाहीत, शब्दच नाही, पण पाहुण्यासाठी नेलेलं अन्न अख्खं असावं हे त्यांनाही कळतं. आजी त्याच्या दोन पावलं पुढे जाते, इतकंच.

अजून एक सांगू की नको, असं झालं होतं. सांगतेच. पुडिंग घट्ट होतं ते कॉर्नफ्लॉरमुळे, म्हणजे मक्याच्या सत्त्वामुळे. आणि आपल्या लाळेत सत्त्व मोडणारं एक रसायन असतं, अमायलेज. दोन वाट्यांत गार पुडिंग घे, एकीत चाटलेला चमचा दोन-तीनदा फिरव, अर्ध्या तासानं बघ. ती वाटी सैल, पातळ झालेली दिसेल. उकळत्या पातेल्यात तसं होत नाही, कारण उष्णतेनं ते रसायन निकामी होतं; पण गार झालेल्या पुडिंगमध्ये नक्की होतं. करून बघ, मजा येईल. पण हे आजीला "बघ, म्हणून तुझी रीत बरोबर" असं सांगायला जाऊ नकोस. तिनं अमायलेजसाठी पातेलं बाजूला ठेवलं नाही. आपल्या रीतींना मागाहून विज्ञानाचं ठिगळ लावतात ते मला आवडत नाही. आजीचं कारण तिचं आहे आणि ते पुरेसं आहे.

आता रविवारचं. तुला केळ्याचा, वर क्रीमचे डोंगर असलेला पाय करायचा होता, ते मी का नको म्हटलं ते ऐक. एक, त्याच्या पुडिंगला आपण अंड्याचं पिवळं घालतो आणि आजीच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही. दोन, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं ते फ्रेश क्रीम २५ टक्के स्निग्धांशाचं असतं. ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही, त्याला ३५ टक्क्यांच्या आसपासचं क्रीम लागतं. तीन, बडोद्याचा मे महिना! बेचाळीस अंशांत ते डोंगर आजोबांच्या ताटापर्यंत पोचायच्या आत वितळतील.

म्हणून आपला इंडियानाचाच शुगर क्रीम पाय. शेतकऱ्यांच्या घरातला हा पदार्थ. तळघरातली सफरचंदं संपली की हातात उरायचं ते दूध, साय, साखर आणि पीठ, त्याचाच पाय. अंडं मुळात नाहीच. २००९ मध्ये इंडियानाच्या सिनेटनं ठराव करून त्याला राज्याचा पाय म्हणून मान दिला. आणि त्यावर किसतात काय, तर जायफळ! बासुंदीवर, श्रीखंडावर, पुरणात आजी जे किसते तेच. त्या शेजारच्या बाईंचा पाय पहिल्यांदा तोंडात घातला तेव्हा मी टेबलावर बसून रडले होते, कारण इतक्या लांब, बर्फात, मला आमच्या घरच्या पाडव्याचा वास आला.

आधी कवच. पहाटे सहाला कर, त्यानंतर बटर हातात राहणार नाही. मैदा आणि परात रात्रीच फ्रीजमध्ये ठेव. १८० ग्रॅम मैदा, चिमूट मीठ, ११५ ग्रॅम थंडगार बटरचे वाटाण्याएवढे तुकडे. बोटांच्या टोकांनी भरभर चोळ, पण तुकडे पूर्ण विरू देऊ नकोस. मग बर्फाचं पाणी तीन-चार मोठे चमचे, जेमतेम गोळा होईल इतकंच. मळू नकोस! इथे आजीला बोलाव. तिला सांग, शंकरपाळ्यांना मोहन घालतो तसंच आहे, फक्त मोहन गरम नाही, गार. तुपानं किंवा बटरनं मैद्याचे कण माखले की पीठ चिवट होत नाही, खुसखुशीत होतं. आणि मध्ये राहिलेले बटरचे तुकडे भट्टीत वितळून वाफ सोडतात, तिनं पापुद्रे सुटतात. जिनं चाळीस वर्षं चिरोट्यांना साटा लावलाय तिला हे समजावावं लागणार नाही, तीच तुला दाखवील. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, लाटा, साच्यात बसवा. वर बटर पेपर, त्यावर कोरडा राजमा भरून मामीच्या ओव्हनमध्ये १९० अंशांवर पंधरा मिनिटं. मग राजमा काढून आणखी दहा, गुलाबीसर होईपर्यंत. तो राजमा नंतर नीट शिजत नाही, डब्यावर चिठ्ठी लावून ठेव, नाहीतर मामी त्याची भाजी करायला घेईल.

पुडिंगला ३०० मिली मलईदार दूध आणि ३०० मिली फ्रेश क्रीम. आजीच्या फ्रीजमधल्या भांड्यातली ताजी साय दे म्हणाली तर तीही चालेल, फेटून घे. साखर १४० ग्रॅम, कॉर्नफ्लॉर ४० ग्रॅम, बटर ५० ग्रॅम. कॉर्नफ्लॉर आधी वाटीभर गार दुधात कालव. गरम दुधात थेट घातलंस तर गुठळ्या होतात आणि मग गाळत बसावं लागतं. बाकीचं दूध, क्रीम, साखर गरम झालं की ते कालवलेलं धारेनं ओत आणि ढवळत राहा, बुडाशी लागू देऊ नकोस. घट्ट झालं म्हणून लगेच उतरवू नकोस, बुडबुडे येऊन मिनिटभर रटरटू दे, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. खाली उतरव, बटर घाल, कवचात ओत, जायफळ किस, परत ओव्हनमध्ये १७५ अंशांवर वीस मिनिटं. मधला भाग थोडा डचमळेल, तो तसाच हवा. बाहेर गार होऊ दे, मग फ्रीजमध्ये किमान चार तास. म्हणजे शनिवारीच करायचा. तीस माणसांना तीन पाय लागतील.

साखर वजन करून घातलीस तर चाखायची गरजच नाही. आजीचा हात हाच वजनकाटा, म्हणून ती न चाखता करते. तुझा हात अजून तयार नाही, म्हणून तू काटा वापर. त्यात कमीपणा काही नाही.

आणि हे महत्त्वाचं: थोडं कवच एका लहान स्टीलच्या वाटीत बसव आणि त्यात एक चिमुकला पाय कर. नैवेद्याला मोठा पाय कापायला नको. आजी ओट्यावर पाण्याचं मंडल काढील, वाटी ठेवील, तुळशीचं पान घालील. ओव्हनमधला मैद्याचा पदार्थ देवाला चालतो का, हे मी ठरवत नाही, तूही ठरवू नकोस. तिला विचार. माझा अंदाज आहे ती हो म्हणेल. या घरात उंधियू आलं, शेव उसळ आली, वरणात चिमूटभर साखर पडायला लागली, आणि सगळ्याचा नैवेद्य झाला. सयाजीराव महाराज १८७५ मध्ये कवळाण्याहून बडोद्याला आले तेव्हा तुझ्याच वयाचे, बारा वर्षांचे होते. भाषा, अक्षरं, रीतिरिवाज सगळं त्यांनी इथे शिकून घेतलं. बडोद्यातल्या मराठी माणसाला नव्या पदार्थाची भीती नाही. पदार्थ कुठलाही असो, आधी कुणाला वाढायचं तेवढं बदलत नाही.

आजोबा नावावरून चिडवतील, "माझ्या पंचाहत्तरीला मला पाय वाढणार का?" त्यांना सांग, याचं मराठी नाव साखर-साय. शब्दाला शब्द तोच अर्थ होतो.

आणखी एक: पाय जेवणानंतर आणू नकोस. आपल्याकडे गोड पानातच असतं, वरणभाताबरोबर. सगळ्यांची पानं वाढून झाली की फ्रीजमधून काढ, सुरी गरम पाण्यात बुडवून काप आणि तूच वाढ. आजोबांपासून सुरू कर. कुणी "पुरे" म्हटलं की लगेच थांबू नकोस, एकदा तरी आग्रह कर.

तुमच्याकडे साडेबारा वाजतील तेव्हा इथे पहाटेचे तीन असतील. मी जागी असेन. नैवेद्य झाला की फोन लाव, आणि ती वाटी आजीनं कुणाच्या हातात दिली ते मला दाखव.

तुझी,
आई