बाबांची जमीन विकली तर मी वाईट मुलगा ठरेन का?

हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला दरवर्षी कुणी ना कुणी घेऊन येतं. कधी मुलगा असतो, कधी सून, एकदा तर दोघी बहिणी एकत्र आल्या होत्या. आषाढात आलेल्या एका गृहस्थांचं सांगते, त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

वय 46, चिंचवडला नोकरी, फ्लॅटचे हप्ते चालू, मुलगी बारावीला. वडील मार्गशीर्षात गेले. गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात, जमीन 3 एकर 12 गुंठे, निम्मी जिरायत आणि निम्मीला विहिरीचं पाणी, खरिपाला घेवडा आणि रब्बीला शाळू. वडील थकल्यापासून चुलतभाऊ वाट्याने कसतो. दहाव्याला पावणे जमलेले, तिथेच एका एजंटने यांना बाजूला घेऊन भाव सांगितला, आणि तेव्हापासून यांची झोप गेली ती गेलीच.

आल्या आल्या म्हणाले, मॅडम तुम्ही फक्त हो की नाही सांगा, मी तसं करतो. मी म्हटलं, ते मी सांगणार नाही, पण तुम्हाला ठरवता का येत नाहीये ते आपण बघू. मग त्यांनी लॅपटॉप उघडला. एक्सेल शीट होतं, वाट्याचं उत्पन्न किती, विकून एफडी केली तर व्याज किती, होमलोन फेडलं तर काय वाचतं, सगळं व्यवस्थित मांडलेलं. म्हणाले, सहा वेळा हिशोब केला, सहाही वेळा विका असंच येतं, मग मी लॅपटॉप बंद करतो आणि रविवारी गाडी काढून गावाला जातो, बांधावर दहा मिनिटं उभा राहतो आणि परत येतो, बायकोला सांगतो ऑफिसचं काम होतं.

दुसऱ्या वेळी मी त्यांना सातबारा घेऊन यायला सांगितलं. लोकांना वाटतं समुपदेशनात कागदाचं काय काम, पण घराबद्दलचं बरंच काही अशा कागदावर सापडतं. वडिलांचं एकट्याचं नाव, आणि खाली इतर हक्काच्या रकान्यात गावच्या विकास सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, 18,000 रुपये, साल 1998. मी विचारलं हे काय. ते बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले. 1998 ला ते इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, पिकासाठी म्हणून काढलेलं कर्ज हॉस्टेल आणि मेसमध्ये गेलं होतं, आणि वडिलांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. कर्ज कधीच फिटलेलं होतं, सोसायटीचा निल दाखला, म्हणजे काही बाकी नाही असा कागद, घेऊन तलाठ्याकडे नोंद कमी करून घ्यायची तेवढी राहून गेलेली. हे सगळं सांगता सांगता तो माणूस रडायला लागला. आठ महिन्यांत पहिल्यांदा, असं त्यांनीच नंतर सांगितलं. बाबा गेल्यावर पावण्यांचं जेवण, बँकेचे कागद, आईला पुण्याला आणणं यातच दिवस गेले होते.

मला जे कळकळीनं सांगायचंय ते हेच, की जमीन विकू की नको हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बऱ्याच लोकांचं रडायचं राहिलेलं असतं. वडील गेलेत हे मन मानत नाही, ते त्या बांधावर अजून भेटतात, मग विकायचं म्हटलं की त्यांना दुसऱ्यांदा पोचवल्यासारखं वाटतं. अशा वेळी एक्सेल कितीही बरोबर असलं तरी त्याचा उपयोग होत नाही. दवाखान्याचं कर्ज डोक्यावर असेल, मुलांच्या फीची अडचण असेल तर खुशाल विका, त्यात पाप नाही, जमीन अशाच वेळेसाठी राखलेली असते. पण तशी घाई नसेल तर वर्षश्राद्ध होईपर्यंत सही करू नका असं मी सांगते. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं, कुळकायद्याच्या 63 कलमात ते आहे, म्हणजे सगळीच विकून बसलात आणि पाच वर्षांनी वाटलं की एखादा एकर हवा होता, तर ते सोपं नसतं.

मग मी विचारलं, घरात बाकीच्यांचं काय म्हणणं आहे. म्हणाले ताईची काही हरकत नाही, ती हक्कसोड करून देणार आहे, म्हणजे आपला वाटा सोडल्याचं लिहून देणार आहे. तिला विचारलंत? नाही, पण ती देईलच. मला या "देईलच"चा फार त्रास होतो. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिलाय, महाराष्ट्रात तर 1994 लाच कायदा झाला होता, तरी सही गृहीतच धरतात. आणि नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागाहून वाटलं म्हणून मागे घेता येत नाही. त्या रात्री त्यांनी ताईला फोन केला. ताई म्हणाली, दादा, मी सही कुठेही करीन रे, पण आज पहिल्यांदा मला कुणी विचारलं.

आईचं तर वेगळंच निघालं. सगळे समजून चाललेले की विकली तर आई खचेल, म्हणून तिच्यासमोर विषयच काढत नव्हते. तिसऱ्या वेळी त्या स्वतः आल्या, नऊवारी, हातात कापडी पिशवी. मला म्हणाल्या, बाई, जमीन आईसारखी असते असं हा म्हणतो, पण त्या रानात माझं कंबरडं गेलंय. चाळीस वर्ष खुरपलं, पण कागदावर कुठं माझं नाव न्हाई. विकायची तर विका, पण एकदा माझं नाव लागू दे. मुलगा खाली बघत बसला होता.

वारसनोंद रखडली होती, ती त्यांनी मनावर घेतली. चुलतभावाबद्दलही एक भीती होती, त्याने कूळ लावलं, म्हणजे कसतो म्हणून जमिनीवर हक्क सांगितला तर? कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली त्या 1957 च्या कृषक दिनाला एवढी वर्षं झाली तरी ही धास्ती घराघरात आहे, आणि ती मनात ठेवून भावाशी गोड बोलण्यापेक्षा वकिलाकडे बसून करार लिहून घेतलेला बरा, असं मी म्हटलं. त्यांनी तसं केलं, चुलतभावालाही राग आला नाही, उलट तो म्हणाला मलाही कळेना की पुढच्या साली पेरू की नको.

दसऱ्यानंतर ते भेटायला आले होते. बोजा कमी झालाय, वारसांच्या नावांचा फेरफार मंजूर झालाय, तीन नावं लागलीत. एजंटला सांगितलंय की मार्गशीर्षापर्यंत फोन करू नको. विकायची का, किती, आणि विकायचीच तर आधी चुलतभावाला विचारायचं का, हे वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी तिघांनी बसून ठरवायचंय. कदाचित विकतीलही, आणि मला त्यात काही वाईट वाटणार नाही.

नवीन सातबारा आईला दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा मागितला म्हणे. शाळेत दुसरीपर्यंतच गेलेल्या, त्यामुळे अक्षर अक्षर लावत स्वतःचं नाव वाचलं, आडनावापर्यंत, आणि मग कागदाची घडी घालून त्या कापडी पिशवीत ठेवून दिला. मुलाने परत मागितला तर म्हणाल्या, तू दुसरा काढ.