काकडी आणि दोडक्याची कोवळी फळे गळतात. मधमाशांची पेटी ठेवावी का?

डिचोलीतील आपल्या परसात काकडी आणि दोडक्याच्या वेलांना फुले भरपूर येतात, पण कोवळी फळे बोटाएवढी होऊन पिवळी पडतात व गळतात, तेव्हा मधमाशांची पेटी ठेवल्यास फरक पडेल का, असे आपण विचारले आहे. पेडण्यात पावसाळी मांडव घालणारा शेतकरी म्हणून माझे उत्तर असे : काकडीला पडेल, दोडक्याला फारसा नाही, आणि ऐन आषाढात दोन्हींसाठी पेटीवर विसंबू नये.

या वेलांवर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या मागे फळाचा इवलासा आकार पहिल्या दिवसापासून दिसतो, आणि त्यामुळेच फळ धरल्याचा भ्रम होतो. परागकण जड व चिकट असल्याने वाऱ्याने उडत नाहीत. ते कीटकानेच वाहून न्यावे लागतात, तेही फूल उमलल्याच्या दिवशीच. एका माशीची एक भेट सहसा पुरत नाही. कलिंगडाचे फळ सर्व बाजूंनी सारखे भरण्यासाठी मादी फुलावर हजारभर परागकण पडावे लागतात असे मानतात. ते कमी पडले की फळ एका अंगाने वाकडे किंवा टोकाशी बारीक राहते. काकडीतही हेच दिसते.

काकडी, कारले, तांबडा भोपळा यांची फुले पहाटे किंवा सकाळी उमलतात, आणि सातेरी माशीची (पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीची) कामाची वेळ नेमकी तीच असल्यामुळे या पिकांना तिचा खरा लाभ होतो. दोडक्याचे पिवळे फूल मात्र उन्हे कलल्यावर उमलते, दुधी आणि पडवळाची पांढरी फुले संध्याकाळी. तेथे रात्री फिरणाऱ्या पतंगांचा वाटा मोठा असतो. (तोंडली या चर्चेत येतच नाही, कारण लागवडीतील तोंडलीला परागाशिवायही फळ धरते.)

राहिला पाऊस. संततधारेत मधमाशी पेटीबाहेर पडत नाही, फुलोरा कमी झाल्याने वसाहत अशक्त होते आणि तिला साखरेचा पाक द्यावा लागतो. म्हणून त्या दिवसांत ताजे नर फूल खुडून, पाकळ्या काढून, त्यातील पुंकेसर मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवावेत. काकडीला सकाळी, दोडक्याला संध्याकाळी. परसातल्या चार-सहा वेलांसाठी हे दहा मिनिटांचे काम आहे.

त्याआधी गळलेले एखादे फळ चिरून पाहावे. आत अळ्या असतील तर दोष परागीभवनाचा नसून फळमाशीचा आहे, आणि तेथे मधमाशांच्या दहा पेट्याही उपयोगाच्या नाहीत. त्यासाठी गंधसापळे लावावेत व किडकी फळे वेचून नष्ट करावीत. औषध फवारणे अगदीच अटळ झाले तर काकडीवर ते सूर्यास्तानंतर, फुले मिटल्यावर फवारावे. दोडक्याची फुले त्या वेळी उघडी असल्याने त्याच्या मांडवाला हा नियम लागू पडत नाही.