कुडाळची टीम ठेवून म्युनिकला जाणाऱ्याला

तू विचारलंस, की म्युनिकला गेल्यावर शूट मी करेन, रिटचिंग (फोटोंची सफाई आणि रंगकाम) कुडाळच्या स्टुडिओतली दोन मुलं करतील. सगळं क्लाउड ड्राइव्हवर टाकून तिघांनी उघडलं तर चालेल का? नाही चालणार. मी मालवणचा, राहतो हॅम्बुर्गला, माझा रिटचर देवगडला बसतो. म्हणून सविस्तर सांगतो.

लाइटरूम क्लासिक या फोटो सॉफ्टवेअरचा कॅटलॉग, म्हणजे फोटोंची आणि त्यांवरच्या बदलांची नोंद ठेवणारी फाइल, एका वेळी एकानेच उघडायचा असतो. सिंक होणाऱ्या फोल्डरमधून दोघांनी उघडला, की दोन वेगळ्या प्रती होतात आणि कोणाचं काम खरं तेच कळत नाही. त्यापेक्षा मूळ रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून जशाच्या तशा आलेल्या फाइली, स्वतःकडे ठेव. निवड तू कर, निवडलेल्या फोटोंचा छोटा कॅटलॉग स्मार्ट प्रिव्ह्यूसकट (रॉच्या हलक्या प्रतींसकट) एक्स्पोर्ट करून पाठव. स्मार्ट प्रिव्ह्यूची लांब बाजू २५६० पिक्सेलच्या वर जात नाही, त्यामुळे भर पावसात रेंगाळणाऱ्या नेटवरही तो पोचतो. रंग, एक्स्पोजर, क्रॉप त्यावरच होतं. परत आलेला कॅटलॉग तुझ्या मूळ कॅटलॉगमध्ये इम्पोर्ट केलास की बदल तुझ्या रॉवर लागू होतात.

फोटोशॉपचं काम मात्र असं होत नाही. तिथे पूर्ण १६ बिटची फाइल लागते, म्हणून ती मोजक्याच फोटोंची पाठव. पीएसडीला, म्हणजे फोटोशॉपच्या नेहमीच्या फाइलला, २ जीबीची मर्यादा आहे. लेयर (बदलांचे एकावर एक थर) वाढले तर पीएसबीत, म्हणजे मोठ्या फाइलींच्या प्रकारात, सेव्ह करायला सांग. लेयर फ्लॅटन करायचे, म्हणजे एकत्र मिसळून टाकायचे, नाहीत, हे बजावून ठेव. फाइलच्या नावात तारीख, फ्रेम नंबर, आवृत्ती आणि करणाऱ्याची आद्याक्षरं हवीत. 'कामाला', 'तपासायला', 'मंजूर' असे तीन फोल्डर कर. फाइल ज्याच्या हातात, त्यानेच ती पुढे सरकवायची.

सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून देऊ नकोस. जेपेगवर गोल करून तिथेच लिही. एक उदाहरण देतो. इथल्या कितीतरी जणांच्या नाकागालांवर बारीक तपकिरी ठिपके असतात. आपल्याकडे चेहरा गुळगुळीत आणि उजळ करायची सवय हाताला लागलेली, मुलं ते ठिपके डाग समजून पुसतील. पण ती त्या माणसाची ओळख आहे. पुटकुळी जाईल, ठिपके आणि तीळ राहतील, असं पहिल्याच कामात लिहून दे.

दोन्हीकडचे मॉनिटर यंत्र लावून कॅलिब्रेट करा, म्हणजे रंग सारखे दिसतील. कुडाळला यूपीएस हवाच. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. संध्याकाळी पाठवलेलं काम तू सकाळी उठेपर्यंत मुलांनी हातात घेतलेलं असतं, हा मोठा फायदा.

शेवटचं, पण टाळू नकोस. २०१८ पासून युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा लागू आहे. ग्राहकांचे फोटो भारतात पाठवायचे तर स्टुडिओशी लेखी करार लागतो, सोबत युरोपियन कमिशनची ठरावीक कलमंही. ग्राहकालाही तसं आधी कळवावं लागतं. जर्मनीतल्या सल्लागाराकडून मसुदा तपासून घे आणि निघण्याआधीच सह्या कर. गणपतीला येईन तेव्हा बघू, असं ठेवू नकोस.