कंपवात, स्मृतिभ्रंश आणि संगीत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांना कंपवात आहे. उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटतात, मागून टाळ्या वाजवल्या की चालू लागतात. घरात कोणतं संगीत लावावं?

उत्तर : टाळ्यांचं तुम्ही अचूक टिपलंत. या आजारात हालचालीचा आतला ठेका बिघडतो. कानावर पडणारा ठोका पायांना बाहेरून लय देतो. मात्र लय मोजूनच ठरवा. गोळीचा असर असताना मोकळ्या जागेत अर्धा मिनिट चालवा, पावलं मोजून दुप्पट करा. समजा ९२ आली. पाय अडकत नसतील तर मेट्रोनोम (ठरावीक लयीत टक-टक वाजणारं यंत्र) ५ ते १० टक्के वर नेता येतो. तुमच्या वडिलांचे अडकतात, म्हणून सुरुवात ८३-८५ वर करा. अशांची लय वाढवली की पावलं आखूड होतात, अंग पुढे कलतं आणि तोल जातो.

उंबऱ्याशी ओढू नका. थांबवा, ठोक्यावर डाव्या-उजव्या पायावर वजन झुलवू द्या, मग टाच आधी टेकवत पाऊल टाकायला सांगा. शेजारी माणूस हवाच.

गाणं केरव्यातलं, म्हणजे आठ मात्रांच्या तालातलं घ्या. दर मात्रेला पाऊल टाकलं तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कायम एकाच पायावर येते. दादऱ्याच्या तीन-तीन मात्रांत जोर पाय बदलत राहतो आणि गोंधळ उडतो. भजनातला गजर टाळा. त्याची लय चढत जाते आणि पाय तिच्यामागे धावतात.

प्रश्न : संगीताने आजार थांबतो का?

उत्तर : नाही. औषध आणि व्यायाम सुरूच ठेवा.

प्रश्न : सासूबाई ८० वर्षांच्या, स्मृतिभ्रंश आहे. संध्याकाळी फार बेचैन होतात. दिवसभर गाणी लावतो, तरी फरक नाही. कधी रडतातही.

उत्तर : दिवसभर लावलेलं गाणं नुसता गलका होतं. बेचैनी सुरू होण्याआधी अर्धा तास, टीव्ही बंद करून, २०-३० मिनिटंच लावा. त्यांच्या दहाव्या ते पंचविसाव्या वर्षांतली गाणी निवडा. ती आधी डाउनलोड करून ठेवा, कारण मध्येच दणाणणारी जाहिरात त्यांना दचकवते. स्पीकर समोर, दिसेल असा ठेवा. आवाज कुठून येतोय ते कळलं नाही तर भीती वाटते.

रडणं आलं म्हणून लगेच बंद करू नका. हात पाहा. बोटं ताल धरत असतील तर शेजारी बसून राहा. मुठी आवळल्या किंवा त्या उठून दाराकडे निघाल्या, तर थांबवा आणि ते गाणं यादीतून काढा. सोबत गाताना पट्टी दोन-तीन सुरांनी खाली घ्या, म्हणजे त्यांनाही सूर लावता येईल.